मणक्याच्या ऑपरेशनआधी मनाची विचारपूस का होत नाही?

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे आमच्याकडचा एक दावा चालू आहे. अर्जदार धान्य बाजारातले हमाल. वय ४६. पोती उतरवताना ट्रक अचानक पुढे सरकला, ट्रक आणि गोदामाचा ओटा यांच्यामध्ये टाकलेली फळी निसटली आणि पाठीवरच्या पन्नास किलोच्या पोत्यासह ते खाली आले. कमरेतली गादी सरकली, पायाची नस दबली. गोळ्या, शेक, पट्टा, वजन लावणे असे सगळे आठ-नऊ महिने करून झाले आणि मग ऑपरेशन झाले. ऑपरेशन चांगले झाले असे डॉक्टर सांगतात. नंतरचा एमआरआयही तेच सांगतो. नस मोकळी आहे. पण माणूस अजून उभा राहिलेला नाही. रात्र रात्र जागा असतो, वाकायला घाबरतो, रस्त्याने जाताना पोत्यांची थप्पी दिसली तरी त्यांना घाम फुटतो.

मागच्या तारखेला विमा कंपनीच्या वकिलांनी केसपेपरमधली एक ओळ मोठ्याने वाचून दाखवली. एका डॉक्टरांनी लिहिले होते, ‘फंक्शनल ओव्हरले’. म्हणजे शरीरात जेवढा बिघाड सापडतो त्याच्या मानाने रुग्णाचा त्रास जास्त दिसतो. वकिलांनी त्यावरून सरळ निष्कर्ष काढला : दुखणे मणक्यात नाही, मनात आहे, आणि मनात आहे म्हणजे आमच्या ट्रकचा त्याच्याशी संबंध नाही. कोर्टाबाहेर आल्यावर दादांनी आम्हाला विचारले, “साहेब, मी खोटं बोलतोय असं लिहिलंय का त्यात?”

तसे लिहिलेले नव्हते. पण वाचले तसेच गेले. आजचा हा लेख त्या एका ओळीबद्दल आहे.

मणक्याचे ऑपरेशन हा आपल्या वस्त्यांमध्ये रोजचा विषय झाला आहे. हमाल, बिगारी, गवंड्याच्या हाताखालच्या बाया, सफाई कामगार, ऊसतोडीची मोळी डोक्यावरून वाहणाऱ्या भगिनी, दिवसभर वाकून लादी पुसणाऱ्या घरकामगार, रिक्षावाले. ज्यांचे पोट पाठीवर चालते त्यांचीच पाठ आधी जाते. ‘मणक्यात गॅप आलाय’, ‘नस दबलीय’, ‘गादी सरकलीय’ हे शब्द आता खेड्यातल्या म्हाताऱ्यालाही पाठ आहेत. आणि त्यांच्या जोडीला एक भीतीही पाठ आहे : मणक्याचे ऑपरेशन केले की माणूस लुळा पडतो. ही भीती बहुतांशी चुकीची आहे. सरकलेल्या गादीने पायाची नस दाबली असेल आणि योग्य रुग्ण निवडलेला असेल तर या ऑपरेशनने पायातली कळ लवकर कमी होते, हे आता नीट तपासून सिद्ध झालेले आहे. त्याचबरोबर हेही खरे की अशा बहुतेक रुग्णांचा त्रास ऑपरेशनशिवायही काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरतो. आणि नस दबलेली नसताना नुसत्या कंबरदुखीसाठी मणके एकमेकांना जोडण्याच्या ऑपरेशनचा फायदा तितका खात्रीचा नाही.

एक अपवाद आधीच सांगून टाकतो, कारण पुढचे वाचून कोणी चुकीचा अर्थ काढू नये. लघवी अडकली, लघवी-संडासचे भान गेले, बैठकीचा भाग बधिर झाला, पाऊल झपाट्याने लुळे पडू लागले तर मनाबिनाचा विचार करत बसायचे नाही. त्याच तासाला मोठे हॉस्पिटल गाठायचे. तिथे उशीर म्हणजे कायमचे अपंगत्व.

बाकीच्या रुग्णांना मात्र वेळ असतो. आठवडे असतात, महिने असतात. या काळात त्यांचे रक्त तपासतात, साखर तपासतात, छातीचा फोटो काढतात, हृदयाचा आलेख काढतात. भूल सोसेल की नाही हे बघतात. पण झोप लागते का, जेवण जाते का, जगावेसे वाटते का, घरात खायला आहे का, कर्ज किती झाले, वाकायची भीती वाटते का, हे कोणी विचारत नाही. आमच्या या दादांना कोणीच विचारले नव्हते. अपघातानंतर टोळीतले नाव गेले. बायको दोन घरची भांडी घासायची, ती पाच घरची घासू लागली. मुलाने आयटीआय सोडून हेल्मेट घातले आणि घरोघर पार्सले पोचवू लागला. बचत गटाचे कर्ज, त्यावर खाजगी सावकाराचे. ज्या माणसाच्या पाठीवर तीस वर्षे घर उभे होते तो माणूस खाटेवर पडून पोराची कमाई मोजत होता. अशा अवस्थेत त्यांना ऑपरेशनच्या टेबलावर नेले गेले.

आता यात शास्त्र काय सांगते ते पाहू. ऑपरेशनआधी ज्या रुग्णांना खिन्नतेचा आजार, म्हणजे डिप्रेशन, किंवा सततची चिंता असते, त्यांना मणक्याच्या ऑपरेशनचा फायदा सरासरीने कमी होतो, हे जगातल्या अनेक देशांतल्या पाहण्यांत पुनःपुन्हा आढळले आहे. दुखणे जास्त उरते, हालचाल कमी सुधारते, कामावर परतायला उशीर लागतो, रुग्ण निकालावर नाराज राहतो. फिनलंडमधल्या कुओपिओ येथील अभ्यासकांनी कमरेतला मज्जारज्जूचा मार्ग अरुंद झालेल्या रुग्णांचा ऑपरेशननंतर अनेक वर्षे पाठपुरावा केला. ज्यांची खिन्नता आधीही होती आणि नंतरही टिकली त्यांची प्रगती सर्वांत कमी. पण ज्यांची खिन्नता ऑपरेशननंतर निवळली ते जवळजवळ इतरांच्या बरोबरीने सुधारले. आमच्या दृष्टीने ही दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. याचा अर्थ खिन्न माणूस ऑपरेशनला नालायक आहे असा नाही. त्याची खिन्नताही उपचार मागते आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

हे होते कसे? यात चमत्कार काही नाही. दुखण्याची खबर मणक्यातून मेंदूकडे जाते, तशी मेंदूकडून खाली उलटी आज्ञाही येते. ती खबर वाढवायची की दाबायची हे मेंदू ठरवतो. झोप मोडली, चिंता वाढली, मन खचले की ही दाबणारी यंत्रणा ढिली पडते आणि तेच दुखणे दुप्पट जाणवते. दुसरे असे की, ‘वाकलो तर मणका तुटेल’ ही भीती मनात बसली की माणूस हलत नाही. हलत नाही म्हणून पाठीचे स्नायू गळतात, स्नायू गळतात म्हणून थोडे हलले तरी दुखते, दुखते म्हणून भीती पक्की होते. सर्जनच्या सुरीने नस मोकळी होते. हे चक्र तिला कापता येत नाही. त्यातच तंबाखूची भर. रात्री झोप येत नाही म्हणून दारूची भर. मणके जोडण्याच्या ऑपरेशनमध्ये धूम्रपानाने हाड जुळायला अडथळा येतो हे डॉक्टर सांगतात, पण बिडी का सुटत नाही हे कोण विचारणार?

उपचाराने फरक पडतो का, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर फुगवून सांगण्याचे कारण नाही. डेन्मार्कमध्ये मणके जोडण्याचे ऑपरेशन होणाऱ्या ९० रुग्णांवर एक प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. काही रुग्णांना ऑपरेशनच्या आधीपासूनच दुखणे, भीती आणि हालचाल यांविषयी समुपदेशन दिले. वर्षाअखेर दोन्ही गटांत मोठा फरक उरला नाही. पण समुपदेशन मिळालेले रुग्ण पहिल्या तीन महिन्यांत लवकर सावरले. ज्याला घरबसल्या पगार मिळतो त्याला तीन महिने म्हणजे काहीच नाही. रोजंदारीच्या माणसाचे तीन महिने म्हणजे पोराची फी आहे! अमेरिकेत ८६ रुग्णांवर झालेला दुसरा प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. तिथे भीती जास्त असलेले रुग्णच निवडले होते आणि ऑपरेशननंतर फिजिओथेरपिस्टनेच त्यांना भीती ओळखायला, रोज थोडे थोडे ध्येय ठरवून चालायला शिकवले. हे शिकवणे बरेचसे फोनवरून झाले. सहा महिन्यांनी या रुग्णांचे दुखणे आणि अपंगत्व दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी होते. म्हणजे यासाठी पंचतारांकित हॉस्पिटल लागत नाही. प्रशिक्षित माणूस लागतो आणि फोन लागतो. फोन तर आता झोपडीतही आहे.

विचारायचे तरी किती असते? खिन्नता ओळखण्यासाठी २००१ पासून जगभर वापरली जाणारी एक नऊ प्रश्नांची यादी आहे, ‘पीएचक्यू-९’ नावाची. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला का, झोप कशी होती, भूक कशी होती, आपण नालायक आहोत असे वाटले का, मरून जावे असे वाटले का. ती मराठीतही आहे. पाच मिनिटांत भरून होते. एमआरआयच्या नळकांड्यात रुग्ण यापेक्षा किती तरी जास्त वेळ काढतो.

सरकारी ओपीडीतला सर्जन हे का विचारत नाही, याबद्दल आम्ही त्याला एकट्याला दोषी धरणार नाही. दाराबाहेर शंभर माणसांची रांग असते आणि दुपारनंतर ऑपरेशनची यादी असते. पण नर्स विचारू शकते, समाजसेवा अधीक्षक विचारू शकतो, फिजिओथेरपिस्ट विचारू शकतो. प्रश्न वेळेचा जितका आहे तितकाच तो समजुतीचाही आहे. कष्टकरी माणसाला शरीर असते, मन नसते, अशी इथल्या व्यवस्थेची जुनी समजूत आहे. साहेबाला ‘टेन्शन’ येते, हमालाला फक्त ‘नाटके’ येतात!

आणि इथेच आम्हाला सावध राहिले पाहिजे. कारण मनाची तपासणी सुरू करा अशी मागणी केली की व्यवस्था ती मागणी आपल्यावरच उलटवू शकते. याचा पुरावा परदेशातच आहे. गॉर्डन वॅडेल नावाच्या स्कॉटिश अस्थिशल्यविशारदांनी १९८० साली कंबरदुखीच्या रुग्णांत आढळणाऱ्या काही खुणा सांगितल्या. डोक्यावर हलका दाब दिला तरी कंबर दुखते असे रुग्ण म्हणाला, लक्ष दुसरीकडे असताना पाय उचलला गेला, अशा खुणा. त्यांचा हेतू असा की अशा खुणा अनेक दिसल्या तर या माणसाची केवळ हाडे बघू नका, त्याच्या मनाचीही नीट तपासणी करा. झाले काय? विमा कंपन्या आणि त्यांचे वकील या खुणा ढोंग पकडण्याची कसोटी म्हणून वापरू लागले. शेवटी १९९८ साली ख्रिस मेन या मानसशास्त्रज्ञासोबत खुद्द वॅडेल यांना लिहावे लागले की या खुणा म्हणजे खरे-खोटे ओळखण्याची परीक्षा नव्हे. आमच्या दाव्यात वाचली गेलेली ती ओळ याच जातकुळीची आहे. डॉक्टरांनी ‘या रुग्णाला आणखी मदत हवी’ या अर्थाने लिहिले असेल. कोर्टात तिचा अर्थ ‘हा रुग्ण लबाड आहे’ असा लावला गेला.

कोणाच्या दुखण्यावर विश्वास ठेवायचा हे समाजातल्या उतरंडीवर ठरते, हे आपल्याला नवे सांगायला नको. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची आणि निवासी डॉक्टरांची पाहणी झाली, ती २०१६ साली प्रसिद्ध झाली. काळ्या माणसाची कातडी जाड असते यासारख्या खोट्या समजुतींपैकी एखादी तरी जवळजवळ निम्म्यांना खरी वाटत होती. आणि ज्यांना त्या जास्त खऱ्या वाटत होत्या ते काळ्या रुग्णाचे दुखणे कमी मोजत होते. शिकलेली, डॉक्टर होऊ घातलेली मुले ही! आपल्याकडे ‘ही माणसे काटक असतात, यांना काही होत नाही’ हे वाक्य ज्यांनी ऐकलेले नाही त्यांनी हात वर करावा.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. तिच्यानुसार वेदना हा शरीराचा आणि भावनेचा, असा दोन्ही मिळून एक अनुभव आहे. आणि एखादा माणूस दुखते असे सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. भगवान बुद्धांनी सल्लसुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त दिला तो आपण विहारात ऐकतो. एक बाण शरीराला लागतो, दुसरा मनाला. तो ऐकताना आपल्यापैकी काहींचा असा समज होतो की दुसरा बाण म्हणजे ज्याचा तो दुबळेपणा, ध्यानाला बसा म्हणजे निघेल. ध्यानाचा उपयोग आम्ही नाकारत नाही. पण सावकार दारात उभा असताना लागणारा बाण डोळे मिटून निघत नाही. तो कोणी मारला हेही बघावे लागते.

आता आमच्याबद्दल. ही गोष्ट लिहू की नको असा आम्ही विचार केला, पण लिहितोच. ऑपरेशनच्या आधी हे दादा आमच्याकडे कागदावर सही करायला आले होते. तेव्हा ते म्हणाले होते, “साहेब, झोप येत नाही, नको नको ते विचार येतात.” आम्ही त्यांना काय सांगितले? “हे डॉक्टरला सांगू नका. पेपरवर चढलं तर समोरचा वकील वापरेल.” वकील म्हणून तो सल्ला व्यवहारी होता. बांधव म्हणून तो गुन्हा होता. एवढ्यावर आम्ही थांबलो नाही. प्रत्येक तारखेला पट्टा बांधूनच या, असेही सांगितले. भरपाईचे दावे चालवणारा जवळजवळ प्रत्येक वकील हे सांगतो. २००५ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक मोठा आढावा आला. त्यात तपासलेल्या २११ अभ्यासांपैकी १७५ अभ्यासांत भरपाईचा दावा चालू असलेल्या रुग्णांचे ऑपरेशननंतरचे निकाल इतरांपेक्षा वाईट निघाले होते. विमा कंपन्या याचा अर्थ ‘पैशासाठी दुखते’ असा लावतात. तो अर्थ त्या आकड्यांतून निघत नाही. चार-चार वर्षे तारखांना जायचे, प्रत्येक वेळी आपण अपंग आहोत हे सिद्ध करायचे, बरे वाटले तर लपवायचे, हे ज्याला करावे लागते तो बरा होणार कसा? दावा त्याला आजारी ठेवतो. आणि दावा लांबवण्यात न्यायालये, कंपन्या आणि आम्ही वकील, सगळेच सामील आहोत.

कायद्याने पाहिले तर लपवण्याचे कारणही नव्हते. ज्याने अपघात केला त्याला अपघातग्रस्त माणूस जसा असेल तसा स्वीकारावा लागतो. तो आधीच नाजूक होता ही सबब चालत नाही, हे तत्त्व जुने आहे. इथे तर मन आधी धडधाकट होते, ते अपघाताने खचले. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात २०१० साली सांगितले की डॉक्टरने लिहिलेली अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हात गेला तर सुताराचे वा ड्रायव्हरचे जे नुकसान होते ते कारकुनाचे होत नाही. मग ज्याची कमाईच पाठीवर होती त्याच्या पाठीचे आणि ती पाठ पुन्हा वाकवण्याच्या धैर्याचे मोल वेगळे मोजायला नको का? ‘वजन उचलू नका’ हा डॉक्टरचा सल्ला बँकेतल्या बाबूला सल्ला असतो. हमालाला ती बडतर्फीची नोटीस असते. तो सल्ला ऐकल्यावर त्याला झोप लागली नाही तर तो आजार कोणाच्या खात्यावर मांडायचा?

अधिकार कागदावर आहेत. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून अंमलात आहे. सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवांमधून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, असे त्याचे कलम १८ सांगते. कलम २१ सांगते की मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवले पाहिजे आणि विमा कंपन्यांनीही तसाच विमा दिला पाहिजे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. ‘टेलिमानस’ ही मोफत फोन सेवा २०२२ पासून आहे, क्रमांक १४४१६, मराठीतही बोलता येते. संमतीबद्दल समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले की रुग्णाची संमती पुरेशा माहितीवर आधारलेली हवी : ऑपरेशन काय आहे, फायदा काय, धोका काय, दुसरा मार्ग कोणता, केले नाही तर काय होईल. आमचे म्हणणे असे की ज्या रुग्णाची खिन्नता स्पष्ट दिसते आहे त्याला ‘तुझ्या या अवस्थेमुळे ऑपरेशनचा फायदा कमी होऊ शकतो, तिच्यावर उपचार आहेत’ हे सांगणे हाही त्या माहितीचाच भाग आहे. प्रत्यक्षात इंग्रजीतला छापील कागद पुढे येतो आणि ‘इथे सही करा’ एवढेच मराठी बोलले जाते. बीडच्या ऊसतोड भगिनींची गर्भाशये किती सहज काढली गेली हे २०१९ साली विधिमंडळापर्यंत गाजले. गरिबाची संमती स्वस्त असते, हे तेव्हाच सगळ्यांना दिसले होते.

पैशाची बाजूही पाहिली पाहिजे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मणक्याची ऑपरेशने होतात, ही चांगली गोष्ट आहे. ती नसती तर आमच्या दादांचे ऑपरेशनच झाले नसते. पण अशा योजनेत हॉस्पिटलला पैसे मिळतात ते ऑपरेशनचे. ऑपरेशनआधीची विचारपूस, गरज असेल त्याला समुपदेशन, नंतरची काही आठवड्यांची फिजिओथेरपी आणि फोनवरचा पाठपुरावा हे सगळे त्याच पॅकेजमध्ये, स्वतंत्र दर लावून, घालायला हवे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४४ साली, कामगारांच्या आरोग्य विम्याचा अडारकर अहवाल आला आणि त्यातून पुढे १९४८ चा राज्य विमा कायदा झाला. आजारी कामगाराला दया नव्हे, हक्क मिळावा हा त्यामागचा विचार होता. पाठीवर ओझे वाहणारा असंघटित माणूस मात्र अजूनही त्या छत्राच्या बाहेरच राहिलेला आहे.

एक गोष्ट मात्र सरकारकडे मागून मिळणार नाही. मानसोपचाराचे नाव काढले की आपल्या वस्तीत काय होते? “त्याला येरवड्याला न्या.” पोरीचे लग्न अडेल म्हणून घरचे गप्प बसवतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली माणसेही, कंबर दुखते म्हणून, रात्रीच्या अंधारात देवऋषाकडे जाऊन लिंबू उतरवून घेतात. पण दिवसाउजेडी सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागाच्या बाकावर बसायला लाजतात. दादांच्या पत्नीने आम्हाला सांगितले की ते रात्री उठून भिंतीला टेकून बसतात आणि कोणी जागे झाले की ‘पाठ आखडली’ असे सांगतात. पाठ आखडली हे सांगता येते. रडू येते हे पुरुषाला सांगता येत नाही, आणि हमालाला तर नाहीच. टोळीत ज्याची मान ताठ तो मुकादम होतो.

मनाच्या तपासणीची मागणी करताना म्हणून आम्ही तिला दोन अटी जोडतो. ही तपासणी ऑपरेशन नाकारण्यासाठी वापरता कामा नये. खिन्न आहे म्हणून नाव यादीतून काढले, असे एक जरी उदाहरण पुढे आले तरी आम्ही त्याविरुद्ध कोर्टात उभे राहू. पुष्कळदा खिन्नता दुखण्यामुळेच आलेली असते आणि पायातली कळ थांबली की तीही उतरते. दुसरी अट, या तपासणीचा कागद रुग्णाच्या उपचारासाठी आहे. तो भरपाई कापण्याची कात्री होता कामा नये. २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्कही रुग्णाला दिलेला आहे, तो विमा कंपन्यांच्या तपासनिसांना ठणकावून सांगितला पाहिजे.

दादा आता गेले दीड महिना सिव्हिलमध्ये मानसोपचार तज्ज्ञांकडे जातात. गोळ्या चालू आहेत. फिजिओथेरपिस्टने त्यांना आधी मोकळी बादली उचलायला लावली, मग अर्धी भरलेली. झोप थोडी लागते. पोत्याची भीती गेलेली नाही. दाव्यात आम्ही आता काही लपवायचे नाही असे ठरवले आहे; मानसोपचार तज्ज्ञांना साक्षीला बोलवण्याचा अर्ज दिला आहे आणि खचलेल्या मनाचीही भरपाई वेगळी मागितली आहे. समोरच्या वकिलांनी हरकत घेतली आहे. पुढच्या तारखेला त्यावर युक्तिवाद आहे. पट्टा बांधायची गरज नाही, असे आम्ही दादांना सांगितले. त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी दोनदा विचारून घेतले.

ज्यांच्या घरात कोणाचे मणक्याचे ऑपरेशन ठरले आहे, किंवा होऊनही माणूस उठत नाही, त्यांनी रविवारी वंदनेनंतर आपापल्या विहारात ही गोष्ट बोलून दाखवावी आणि तिथल्या कार्यकर्त्याला सोबत घेऊन सिव्हिल गाठावे. जाताना एमआरआयची फाईल घ्यावी. आणि रुग्णाशेजारी जे रात्री झोपते ते माणूस बरोबर न्यावे, कारण झोप लागते की नाही हे त्यालाच ठाऊक असते.